मागचे डबे कोखेलला

"झोपलीस का गं?"

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून काकूंची हाक आली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी जास्वंदीला पाणी घालत उभी होते. झोपले नव्हते हे त्यांना दिसत होतंच. पण बातमी हाताशी असली की काकू अशीच सुरुवात करतात. हातात कढीपत्त्याची डहाळी होती, तीही माझ्याच झाडाची.

"समोरच्या वकिलांचा धाकटा, म्युनिकला शिकायला गेलाय तो. शनिवारी डोंगरावर गेला होता."

मला हसूच आलं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आयुष्याची बावीस वर्षं काढलेला हा मुलगा. किल्ल्यावर चालत गेलेला कुणी पाहिला नाही. वर गाडी जाते ना, मग चालायचं कशाला, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

"एकटा नाही गं. कॉलेजातल्या परदेशी मुलांचा घोळका होता, अकरा जणांचा. माझी कराडची भाची तिथेच आहे की! तिनंच सांगितलं सगळं."

काकूंनी डहाळी भिंतीवर ठेवली. म्हणजे अर्धा तास गेला.

"तिकडे महिन्याचा पास मिळतो. अख्ख्या जर्मनीतल्या साध्या गाड्या, बस, ट्राम, सगळं त्यात. फास्ट गाडीत मात्र चढायचं नाही. २०२३च्या मे महिन्यात निघाला तेव्हा ४९ युरोला होता, मग वाढवला."

"म्हणजे आपल्या एसटीचं 'आवडेल तेथे प्रवास'."

"ते चार नाहीतर सात दिवसांचं. हे महिनाभर. मुलं सुटतात मग! निघाली गार्मिशला. दीड तासाच्या आत पोचवते गाडी. गार्मिश-पार्टेनकिर्शेन असं लांबलचक नाव आहे त्याचं. मुळात दोन गावं. १९३६चं हिवाळी ऑलिंपिक व्हायचं होतं म्हणून आदल्या वर्षी एक केली. अजून पार्टेनकिर्शेनच्या माणसाला नुसतं गार्मिशचा म्हटलेलं खपत नाही म्हणे."

खपेल कसं? सातारकराला कोणी कराडचा म्हणून बघावं. हे मी मनात म्हटलं. काकूंचं माहेर कराड.

"आणि जर्मनीतला सगळ्यात उंच डोंगर तिथेच आहे. त्सुगश्पिट्से. २९६२ मीटर. पण त्याच्या रोपवेला जाऊन-येऊन सत्तर युरोच्या आसपास पडतात. मुलांकडे कुठले एवढे? ती गेली एकबाउअरवर. तो १२३७ मीटर."

"काकू, आपली कळसूबाई १६४६ आहे."

"तेच म्हणते मी! त्यासाठी विमानानं जायचं!"

(नंतर मी बघितलं. ते गार्मिश समुद्रसपाटीपासून ७०० मीटरवर, आपला सातारा तेवढाच, थोडा वरच. पोरगा सहा-सात हजार किलोमीटर जाऊन सातारच्याच उंचीवर उतरला आणि तिथून चढायला लागला.)

"पण मुद्दा तो नाहीच," काकू म्हणाल्या आणि इकडेतिकडे बघून भिंतीवर जरा रेलल्या. "टुट्सिंग म्हणून स्टेशन आहे, तळ्याकाठी. तिथे काही गाड्यांचे दोन तुकडे करतात. पुढचे डबे गार्मिशला, मागचे डबे कोखेलला. कुठल्या डब्यात बसायचं हे आधी बघून चढावं लागतं. नऊ जण पुढे चढले. हा मागे बसला. खिडकी मिळाली म्हणून."

"आणि अकरावा?"

"अकरावी. एक मुलगी होती बरोबर."

"कुठली?"

"असेल कुठली तरी. जगभरची पोरं असतात तिथे. तर कोखेलला रूळच संपतात. गाडी पुढे जात नाही. उतरले दोघं. पाऊस भुरभुरत होता. परतीची गाडी तासाभरानं. गावात त्या निळे घोडे रंगवणाऱ्या चित्रकाराचं, फ्रांत्स मार्कचं, म्युझियम आहे, पण तिकीट काढायला नको म्हणून गेले नाहीत. स्टेशनवरच बसले. छत्री एकच, तिचीही एक काडी मोडलेली, म्हणून ह्याच्या उजव्या खांद्यावर सगळं पाणी. बाकावर डबा उघडला. दशम्या होत्या, चटणी होती. खाल्ल्या. ती म्हणाली, फोन कर सगळ्यांना. हा म्हणाला, करू की, घाई काय आहे."

काकू थांबल्या. मी नळ बंद केला.

"आणि बाकीचे नऊ?"

"ते गेले पुढे. एक घळ आहे, पार्टनाखची. सातशे मीटर लांब, कडे ऐंशी मीटरचे, खालून नदी. पूर्वी लाकडाचे ओंडके सोडायचे त्यातून. खडकात कोरलेल्या वाटेनं जायचं, अंगावर पाणी उडतं, त्याला तिकीट. आपल्या ठोसेघरला काय कमी पाणी उडतं? तर ते घळीतनं वर चढले. पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास लिहिलेले असतात. दीड तास लिहिलं होतं, ह्यांना अडीच लागले. वर धापा टाकत पोचतात तो हे दोघं तिथे हजर! बसलेले, समोर ताटली!"

"ते कसे पोचले?"

"पाळण्यानं. तिथे छोटा रोपवे आहे. एका पाळण्यात दोनच माणसं बसतात." काकूंनी 'दोनच' वर बोट उभं केलं. "ताटलीत ते काइझरश्मार्न. म्हणजे जाड धिरडं करायचं, तव्यातच फाडायचं, वर पिठीसाखर आणि बाजूला सफरचंदाचा गर. आपलं धिरडं फाटलं की सासूची बोलणी, त्यांचं फाटलं की त्याला बादशहाचं नाव! ताटली एक आणि काटे दोन."

"भाचीनं बरंच बारीक पाहिलंय," मी म्हटलं.

"ती फार बारकाईची आहे लहानपणापासून. आणि ऐक, तिकडे म्हणतात की डोंगरावर हजार मीटरच्या वर गेलं की अहो-जाहो संपतं. अनोळखी माणसांनीसुद्धा अरे-तुरे करायचं. वकिलांच्या घरात हे चालेल का गं? तिथे नवरा-बायकोसुद्धा अहो-जाहो."

हे खरं आहे. वकील बायकोला "आपण चहा घेणार का" असं विचारतात. आमच्या खिडकीत ऐकू येतं.

मी मात्र मघापासून कोखेलच्या बाकावरच अडकले होते. वकिलांच्या धाकट्याला चहा करता येत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. जायच्या आधी आईनं त्याला कुकर लावायला शिकवला तर तीन शिट्ट्यांनंतर तो बाहेर पळाला होता.

"काकू, दशम्या कसल्या होत्या?"

"गुळाच्या. दुधात भिजवलेल्या."

गेल्या वर्षी भाची जायच्या आधी इथे चार दिवस राहिली होती. भिंतीच्या पलीकडे काकू तिला दशम्या थापायला शिकवत होत्या, गूळ किती, दूध कोमट की गार. मी अलीकडून कृती उतरवून घेतली होती. ती वही अजून आमच्या फडताळात आहे.

"काकू, घोळक्यात भारतीय मुली किती होत्या?"

काकूंनी भिंतीवरची डहाळी उचलली. एक पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं. पदर सारखा केला. समोर वकिलीणबाई दुधाची पिशवी घ्यायला फाटकाशी आल्या होत्या. काकूंनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली, मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणला.

"हिला बोलू नकोस हं इतक्यात. आधी मला कराडला ताईशी बोलू दे."