वॉशिंग्टनकर

माझा पुतण्या वॉशिंग्टनला असतो, हे वाक्य मी तीन वर्षं आमच्या सोसायटीत फिरवलं. 'व्हाइट हाउस तिथून जवळच' हे मात्र माझ्या पदरचं. टीव्हीवर अध्यक्ष दिसले की मी त्यांच्यामागची खिडकी निरखून बघायचो, न जाणो, पोरगं डबा घेऊन ऑफिसला जाताना दिसायचं. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांनी मोबाइलवर नकाशा उघडला. पुतण्या सिॲटलजवळ, म्हणजे वॉशिंग्टन राज्यात. व्हाइट हाउस तिथून साडेतीन हजार किलोमीटरच्याही पलीकडे. बँकवाले काही बोलले नाहीत. नकाशा तेवढा आणखी लहान करून दाखवला.

यात दोष माझा नाही, अमेरिकी संसदेचा आहे. सिॲटलकडच्या लोकांना आपल्या नव्या प्रांताला कोलंबिया नाव हवं होतं. पण राजधानीचा भाग आधीच डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया. एका सभासदाला वाटलं, लोकांचा घोटाळा होईल. म्हणून, घोटाळा होऊ नये म्हणून, १८५३ साली प्रांताचं नाव ठेवलं वॉशिंग्टन. हे वाचून मला फार बरं वाटलं.

मग त्या नावाच्याच मुळाशी गेलो. वॉशिंग्टन हे आधी गाव, मग आडनाव, मग पुन्हा गाव. पहिलं गाव इंग्लंडच्या ईशान्येला, पूर्वीच्या डरहॅमच्या मुलखात. 'टन' म्हणजे वस्ती, वाडी. व्हासा नावाच्या कुणा सॅक्सन माणसाच्या लोकांची वाडी, असा या नावाचा अर्थ लावतात. म्हणजे व्हासावाडी. म्हणजे अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज व्हासावाडकर! आपल्यातलाच निघाला की.

माझ्याही आडनावाला 'कर' आहे. त्यावर मी बोलायला लागलो की बायको गॅस बंद करायला उठते. पण तुम्हाला उठता येत नाही, तेव्हा ऐका. ज्यांच्या आडनावात गाव नाही अशा लोकांबद्दल मला लहानपणापासून करुणा वाटत आली आहे. बिचारे उपटसुंभ. आमचं तसं नाही. आमच्या आडनावावर पत्र टाकलं तर पिनकोड नसतानाही पोचावं. शिवाय 'कर'ची गंमत अशी, की गाव सुटलं की तो चिकटतो. मालवणात सगळेच मालवणचे. तिथं मालवणकर म्हणून हाक मारली तर मासळीबाजार ओ देईल. माणूस मुंबईला बोटीतून उतरला की त्याचा मालवणकर होतो. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर लावलं आणि ते गाव साऱ्या जगाला पाठ झालं. बायको परत आली वाटतं. असो.

इंग्रज सरदारांत मात्र उलटा कारभार. तिथं राहणाऱ्याला नाही, जमीन ज्याच्या हातात त्याला गावाचं नाव. बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्न नावाचा एक सरदार होता. हर्टबर्न म्हणजे हरणाचा ओढा. पण आजच्या इंग्रजी कानाला ती छातीतली जळजळच वाटणार. डरहॅमच्या बिशपशी अदलाबदल करून त्यानं हर्टबर्न देऊन वॉशिंग्टन घेतलं. ११८३ च्या बिशपच्या दप्तरात तशी नोंद आहे. गाव बदललं, तसं घराण्याचं नावही बदलून 'द वॉशिंग्टन' झालं. सातबारा फिरला की आडनाव फिरलं! पुढं त्यातलं 'द' गळलं, घराणं दक्षिणेला सरकलं, एक जॉन वॉशिंग्टन सतराव्या शतकात व्हर्जिनियाला जाऊन तंबाखू पिकवू लागला. जॉर्ज त्याचा पणतू.

जॉर्जला मूलबाळ नव्हतं. आणि २००० सालच्या अमेरिकी जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची माणसं निघाली १,६३,०३६. त्यातली शेकडा नव्वद काळी.

इथं माझी व्हासावाडी जरा अडखळली. १७९९ साली माउंट व्हर्ननच्या त्याच्या मळ्यांवर ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे. त्यांना सोडावं असं त्यानं मृत्युपत्रात लिहिलं. पण आजच्या वॉशिंग्टनांचे सगळे पूर्वज काही त्याच्याकडचे नव्हते. गुलामी सुटल्यावर अनेकांनी हे नाव आपणहून घेतलं. बुकर टी. वॉशिंग्टनची गोष्ट त्यानंच लिहून ठेवली आहे. मुलगा शाळेत गेला. हजेरी सुरू झाली. बाकीच्या पोरांना दोन-दोन, कुणाला तीन नावं. याला एकच, बुकर. आपली पाळी येईपर्यंत त्यानं ठरवून टाकलं, आणि मास्तरांनी विचारल्यावर शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. सावत्र बापाचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं म्हणे. 'एक होता कार्व्हर'मुळं मराठी घराघरात शिरलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, त्याला १८९६ साली टस्कीगीच्या आपल्या संस्थेत बोलावून घेणारा तो हाच.

त्या हजेरीच्या ओळीत मी स्वतःला उभं करून बघितलं. मला आडनाव पाळण्यातच मिळालं. त्या पोराला ते बाकावर बसल्याबसल्या, पुढची चार नावं पुकारली जाईस्तोवर, स्वतः करावं लागलं. आणि उपटसुंभ शब्द मी कुणाला वापरत होतो?

मागं एकदा मी आमच्या मूळ गावी गेलो होतो, हे बायकोखेरीज कुणाला माहीत नाही. एसटीच्या थांब्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठले पाव्हणं?" मी छाती काढून आडनाव सांगितलं. तो म्हणाला, "ते गावाचं झालं. तुम्ही कुठले?" गावात आमचा एक गुंठा नाही, घर नाही, ओळखणारं कुत्रं नाही. मी म्हटलं, पुण्याचा.

जॉर्ज वॉशिंग्टन जन्मात एकदाच परदेशी गेला, १७५१ साली, तोही बार्बाडोसला. इंग्लंडातलं गाव त्यानं पाहिलंच नाही. त्याच्या नावाच्या राजधानीत सरकार राहायला आलं १८०० साली. तो त्याआधीच वारला होता.

पुतण्या अजून सिॲटलजवळच आहे. आमच्या सोसायटीत कुणी विचारलंच, तर तुम्ही आपलं वॉशिंग्टन एवढंच सांगा.