प्रश्न पाच रुपयांचा नाही

नागपुरात हा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो. वेकोलि, विद्युत मंडळ नाही तर एजी ऑफिसातून निवृत्त, शर्टाच्या खिशात जुन्या बिलांची घडी. नाव काहीही असो, वाक्य एकच : 'प्रश्न पाच रुपयांचा नाही, तत्त्वाचा आहे.' टपरीवाल्याने २० रुपयांची पाण्याची बाटली 'थंडी आहे ना भाऊ' म्हणत २५ला दिली की हा पाय रोवून उभा राहतो. मे महिना, पारा ४५ला, मागे रांग, घशाला कोरड. पण छापील किमतीवर एक रुपयाही घेणं २०११च्या नियमांत बसत नाही, हे टपरीवाल्याच्या गळी उतरवल्याशिवाय बूच उघडायचं नाही. टपरीवाला वैतागतो, 'काहून डोकं खाऊन राहिले बा? गरम बाटली घ्या अन् वीसच द्या.' गरम त्याला नकोच असते. थंडीच हवी असते, पण वीसला. वरचे पाच रुपये फ्रीजच्या विजेचे आहेत, हे विद्युत मंडळातून निवृत्त झालेला असला तरी त्याच्या ध्यानात येत नाही. हॉटेलात तीच बाटली ६०ला आली की मात्र तो मुकाट पितो, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या डिसेंबरात हॉटेलांना तशी मोकळीक दिली, तेही त्याला पाठ असतं.

लोक त्याला ढोंगी म्हणतात. ते मला पटत नाही. ढोंग्याला झोप लागते, याला लागत नाही. त्याची अडचण वेगळी आहे. रोजच्या पेचांसाठी आपल्याकडे पूर्वी तयार ग्रंथ होते. १६१२चा निर्णयसिंधू, मग पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा १७९०चा धर्मसिंधू. एकादशी कधी, सुतक किती, सगळं लिहून ठेवलेलं. त्या जुन्या शास्त्राच्या तत्त्वांचा खर्च कोणाच्या अंगावर पडत होता ते वेगळं सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ला याच शहरात लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेऊन तो हिशेब बंद केला. पण मेसेजवर निळ्या टिका उमटूनही उत्तर न देणं हा अपमान की स्वातंत्र्य, मेहुण्याने पाठवलेल्या खोट्या बातमीला सगळ्या ग्रुपदेखत खोटं म्हणायचं की नाही, याचा निर्णय नव्या-जुन्या कुठल्याच ग्रंथात नाही. म्हणून हा स्वतःच ग्रंथकार होतो. २०२३च्या जुलैत नेटफ्लिक्सने भारतातही बजावलं, की एक खातं एका घरापुरतं. पोरगा हिंजवडीत, पोरगी रायपूरला. इथे पासवर्डापेक्षा कुटुंब कशाला म्हणायचं हाच पेच मोठा, आणि याने तो पहाटे चार वाजता सोडवला : 'पोराचं नाव रेशनकार्डावर आहे अजून!' पोरीचं लग्नानंतर कमी केलं होतं, म्हणून तिला पासवर्ड नाही. प्रश्न १४९ रुपयांच्या प्लॅनचा नव्हताच.

इथवर हसण्यावारी नेता येतं. माझी तक्रार पुढची आहे. तो कुठे कुठे अडून बसतो ते एका ओळीत मांडून पाहावं. टपरीवाला, ऑटोवाला, गोकुळपेठेच्या बाजारात सांबाराची जुडी वरून फुकट न टाकणारी बाई, भर दुपारी जेवण घेऊन येणारा पोरगा. या शेवटच्याला तो दारात उभं करून माठातलं गार पाणी देतो (हे खरंच देतो), आणि दार लावल्यावर मठ्ठा सांडला म्हणून एक तारा कापतो, कारण पाच तारे तत्त्वात बसत नाहीत. त्या एका ताऱ्याचा फटका कंपनीआधी पोराला बसतो. आता तो जिथे अडत नाही ती ठिकाणं पाहा. फ्लॅटचे काही लाख बिल्डरने रोख मागितले, दिले. मंगल कार्यालयाने बिलाशिवाय स्वस्त पडेल म्हटलं, मान डोलावली. पोराच्या लग्नात 'हुंडा नको, फक्त लग्न तेवढं शोभेसं करून द्या' हे वाक्य निघालं तेव्हा तत्त्व कुठे गेलं होतं? नागपुरात, नागपूरच्याच झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन नागराज मंजुळेंनी केलेला 'झुंड' २०२२मध्ये आला. टेलिग्रामवरच्या चोरट्या कॉपीवर तो पाहून हा रडला, आणि पुढच्याच रविवारी शेजारच्या वस्तीतली पोरं सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर फुटबॉल खेळताना दिसली तेव्हा म्हणाला, 'प्रश्न काचेचा नाही.' समोरच्याची उंची पाहून तत्त्व बाहेर काढायचं किंवा खिशात घालायचं, हा माझा आरोप आहे.

यावर त्याची बाजू घेणारे म्हणतील, लहान लबाडी सोडली तर मोठी अंगवळणी पडते. अशा भांडकुदळांमुळेच तर ग्राहकाला कायदा मिळाला. हे खरं आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ला ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९८६ला ग्राहक संरक्षण कायदा आला, तो गप्प बसणाऱ्यांच्या कृपेने नव्हे. पण तो कायदा बलदंड विक्रेत्यापुढे एकट्या पडलेल्या गिऱ्हाइकासाठी होता. टपरीपुढे एकटा कोण असतो? पेन्शन, बिलांची घडी आणि आख्खी दुपार मोकळी असलेला गिऱ्हाईक, की एका हाताने चिल्लर मोजत दुसऱ्याने बर्फ फोडणारा तो? पाच रुपये दोघांनाही सारखेच, असं म्हणून रक्कम बाजूला सारली की तत्त्व फार स्वच्छ दिसतं. रक्कम कोणाच्या खिशातून जाते हे विचारायची वेळच येत नाही.

आणि तरीही या माणसावर पुरता राग धरता येत नाही, याचं कारण सोसायटीच्या सभेत सापडतं. चौकीदार पोराच्या आजारपणात चार दिवस गावी राहिला; त्याचे हजार रुपये कापावेत, असा ठराव येतो. डॉक्टर, बिल्डर, प्राध्यापक, सगळ्यांना घरी जाऊन मॅच पाहायची असते. हात वर होतात. तेवढ्यात हा उठतो. 'नियम तोच आहे,' असं म्हणत चष्मा पुसतो, 'पण प्रश्न तत्त्वाचा नाही, त्याच्या हजार रुपयांचा आहे.' त्याच्या तोंडून हे वाक्य उलटं निघालेलं पाहून सभा गांगरते आणि ठराव बारगळतो. जन्मभर तत्त्वावर अडून बसल्यामुळे आलेला कोडगेपणा तेवढा कामी येतो; उरलेल्या आम्हा सज्जनांना अन्याय दिसत नाही असं नाही, सभेत वाईट व्हायचं धैर्य नसतं. घरच्या ग्रुपवर पोराने त्याला म्यूट केलंय. नातलग लग्नाची पत्रिका देतात, पण बैठकीला बोलवत नाहीत. पहाटे चारला सोडवलेले सगळे पेच ऐकवायला त्याच्याकडे एक टपरीवाला उरला आहे, आणि त्याच्या मागे रांग असते.

तेव्हा तुमच्या सोसायटीत असा कोणी असेल, आणि असेलच, तर यंदा टँकरची आणि लिफ्टच्या देखभालीची बिलं त्याच्या हाती द्या. ठेकेदार त्याच्या तोलामोलाचा आहे. अध्यक्ष मात्र करू नका. सभा संपायची नाही.