निसर्गाशी एकरूप होण्याची यादी

पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट म्हणजे विलुना ते हॉल्स क्रीक, सुमारे 1,850 किलोमीटर, वाळूच्या शेकडो टेकड्या आणि पन्नासेक विहिरी. गुरं हाकायला आखलेल्या या वाटेने गुरं फारशी गेलीच नाहीत. त्यांना अक्कल असते. तेव्हा पर्थमधल्या आमच्या मंडळाने ती पार करायचा विडा उचलला, हे रास्तच झालं.

उद्देश एकच, निसर्गाशी एकरूप होणं. त्यासाठी गेले 14 महिने यादी चालू आहे. फ्रिज, सॅटेलाइट फोन, दोन स्टेपन्या, टपावरचा तंबू, कॉफीचं यंत्र, भडंगाचा डबा (झाकणाला चिकटपट्टी, वाळू शिरते). एकांत हवा म्हणून गाड्या चारच. डिझेलची पिंपं आधीच वाटेत पोचतील.

यादीत शेवटी साखळी, रुतलेली गाडी ओढायला. परंपरा पाळलीच पाहिजे. 1906 मध्ये आल्फ्रेड कॅनिंग पाहणीला निघाला, तेव्हा त्याच्याही सामानात साखळ्या होत्या. पाणी कुठे आहे हे ठाऊक असलेल्या आदिवासींना बांधायला. पुढे त्याच्याच आचाऱ्याने तक्रार केली. 1908 मध्ये आयोग बसला, कॅनिंग निर्दोष सुटला. तरी बोध घेतलेला बरा.

आम्ही आचारी नेत नाही.