मृगाची वेळ किती वाजता?

शेतकऱ्याच्या खिशात संगणक घालायचा घाट बंगळुरूत घातला गेला, तेव्हा आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुतेक खिशांत तंबाखू आणि चुन्याची डबी सुखाने नांदत होती. तिसऱ्याला जागा होती. गरज आहे असं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. भारतीय विज्ञान संस्थेतले चार प्राध्यापक आणि एन्कोअर कंपनीचे विनय देशपांडे प्रभृतींनी एक न्यास काढला आणि 2001 साली सिंप्युटर नावाचं तळहातावर मावणारं यंत्र जगापुढे ठेवलं. पोटात लिनक्स, म्हणजे कुणीही उघडून पाहावी, हवी तशी बदलावी अशी प्रणाली. पडद्यावर बारीक कांडीने टेकवायचं, लिहायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला यंत्रच वाचून दाखवणार. 2004 च्या उन्हाळ्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे लष्करासाठी रडार बनवणाऱ्या सरकारी कंपनीने, त्याला ‘अमिडा’ या नावाने बाजारात आणलं. साध्यातल्या साध्याची किंमत 10,000 रुपयांच्या आसपास. आमच्या हिशेबात चार-पाच क्विंटल कापूस.

एवढा कापूस एकट्याने कोण घालवणार, हे त्या प्राध्यापकांनाही कळत होतं, आणि इथेच मला ती माणसं फार आवडतात. त्यांचं म्हणणं, यंत्र गावात एकच असावं. ज्याने त्याने आपलं कार्ड आणावं, खाचेत घालावं, काम झालं की कार्ड घेऊन घरी जावं. लग्नसराईत गावाच्या मालकीचे गंज आणि पराती घरोघर फिरतात, तसा संगणक फिरणार होता. खासगी दिनदर्शिका आणि सामाईक मालकी यांचा असा संसार मांडायचा तर माणसाचा माणसांवर बराच विश्वास असावा लागतो.

आमच्या आबाजींकडे मेहकरला हे यंत्र आलं ते बंगळुरूत नोकरी करणाऱ्या भाचेजावयाच्या पिशवीतून. मनगटाला हलका झटका दिला की पान उलटतं, हे जावयाने मोठ्या कौतुकाने दाखवलं. आयफोन तेव्हा जन्मायचा होता. आबाजींनी यंत्र हाती घेतलं, सवयीने अंगठा जिभेला लावला, आणि काचेपाशी येऊन तो अंगठा गोंधळून थांबला.

“आबाजी, पेरणीची आठवण टाकून ठेवू?”

“टाका ना, जावईबापू.”

“तारीख?”

“मृग लागला की.”

“म्हणजे 7 जून. वेळ?”

“सकायी. न्याहारी झाल्यावर.”

न्याहारी त्या चौकटीत बसेना. तिला तास आणि मिनिटं हवी होती. शेवटी 9 वाजून 0 मिनिटांवर तडजोड झाली. आबाजींनी जरा विचार केला.

“म्हंजे हे मले नऊ वाजता आठोन देईन?”

“हो, घंटी वाजेल.”

“आन् पावसाले?”

पावसाला आठवण देण्याचा जुना खटाटोप आमच्याच जिल्ह्यात चालतो. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, भोवती 18 धान्यं, पृथ्वी म्हणून पुरी, राजा म्हणून पानविडा. रात्रभर तिथे कुणी फिरकायचं नाही. पहाटे कोणता दाणा किती सरकला ते पाहून वर्षाचं भाकीत. माझा त्यावर विश्वास नाही. पण पहाटे उठून ऐकायला जाणारी गर्दी मला पाठ आहे, आणि भाकीत हुकलं म्हणून पुढच्या वर्षी ती घटल्याचं पाहिलेलं नाही. सिंप्युटरच्या नशिबी ही माया नव्हती. तो काही हजारांतच अडकला. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींना लागला, कुठे खाणीतून निघालेल्या लोहखनिजाची वाहतूक मोजत बसला. ज्याच्यासाठी जन्मला त्या शेतकऱ्याकडे पोचेपर्यंत स्वस्त मोबाइल वेशीतून आत शिरला होता, आणि प्रत्येकाला आपला आपला हवा होता.

त्या दुपारी मात्र जावयाने शेवटचा हुकमी एक्का काढला: बोलणं. हिंदीतला एक परिच्छेद यंत्राने सपाट, श्वास न घेणाऱ्या आवाजात वाचायला सुरुवात केली. स्वल्पविराम नाही, खोकला नाही. आम्ही पोरं तोंडावर हात धरून हसत होतो. आबाजी टोपी सारखी करून, मान किंचित कलती ठेवून, पाहुण्याचं ऐकावं तसे शेवटपर्यंत ऐकत राहिले. आवाज थांबल्यावर त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

“अवं, चहा टाका. कवापासून एकटाच बोलून राह्यला बिचारा.”