बुडखा, बोळ आणि हॉर्सपॉवर

झाड तोडायला माणसं मिळतात. फांद्या न्यायला तर न बोलावताही येतात. बुडखा न्यायला मात्र कोणी येत नाही. कोथरूडच्या आमच्या घरामागची सुबाभूळ कुंपणाच्या भिंतीवर रेलायला लागली, तेव्हा १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याला जागून महापालिकेत अर्ज केला आणि परवानगी हातात पडल्यावरच ती तोडली. ओंडके गेले, पाला गेला. बोळ संपतो तिथल्या चौकोनी तुकड्यात, पाण्याच्या टाकीशेजारी, दीड फूट व्यासाचा बुडखा तेवढा आमच्या नावावर राहिला.

सुबाभळीचा बुडखा गप्प बसणाऱ्यांतला नाही. वरून कापा, बाजूनं धुमारे हजर. दुर्लक्ष केलं असतं तर पुन्हा झाड, पुन्हा अर्ज.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचे अण्णा म्हणाले, "पेटवून द्या." बुडख्यापासून दोन हातांवर आमच्या गॅसची नळी आहे, हे त्यांना माहीत असावं असा मला दाट संशय आहे. मेहुण्यानं भोकं पाडून एप्सम सॉल्ट भरायला सांगितलं. त्यानं बुडखा कुजतो म्हणे, पण सवडीनं. मावशींचा सल्ला सर्वात महाराष्ट्रीय होता : "जेसीबी बोलवा!" जेसीबी आत आणायचा, तर आधी घर उचलून बाजूला ठेवावं लागलं असतं. पहार-टिकाव घेऊन आलेल्या गड्यानं बोळ पाहिला, तंबाखू मळली आणि विचारलं, "साहेब, पहार फिरवू कुठं?"

उरला स्टंप ग्राइंडर. हे यंत्र बुडखा उपटत नाही, खातं. कार्बाइडचे दात बसवलेलं एक चाक गरगर फिरतं, डावीकडून उजवीकडे झुलत लाकडाचा भुगा पाडतं आणि जमिनीखाली वीतभर, फार तर फूटभर उतरतं. खालची मुळं कुजायला तिथंच राहतात.

दुकानदाराचा पहिला प्रश्न, "किती एचपी दाखवू?" आणि त्यानं पट्ट्यांवर चालणारं २५ हॉर्सपॉवरचं धूड दाखवलं. "वडाचासुद्धा भुगा करील!" मी हरखलो. कुठल्याही पुरुषाला हॉर्सपॉवरचा आकडा सांगितला की तो हरखतोच. सौभाग्यवतींनी मात्र पर्समधून शिवणकामाची टेप काढली.

"रुंदी ३५ इंच. आपलं फाटक ३४."

"वहिनी, चाकांच्या मॉडेलमध्ये बाहेरची चाकं काढता येतात," दुकानदार म्हणाला.

"येत असतील. पण बोळ ३० इंच आहे, आणि सांडपाण्याचा पाइप आहे तिथं २६. पाइप काढून तुमच्याकडे ठेवू का?"

यानंतर खरेदी माझ्या हातात राहिली नाही. बोळाला काटकोनात वळण आहे, मग हँडल दुमडतं का? मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, मग उचलायचं कोणी? चाक झुलायला दोन्ही बाजूंना जागा किती लागते? इंजिन पेट्रोलचं, म्हणजे धूर थेट स्वयंपाकघरात; खिडकी बंद केली तर काचेवर ढलप्या उडणार, मग पुढं रबरी पडदा आहे का? हॉर्सपॉवरबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

शेवटी घेतलं ते १३ हॉर्सपॉवरचं, हातानं झुलवायचं, २४ इंच रुंदीचं यंत्र, भाड्यानं, चालवणाऱ्यासकट. त्यानं आधी बुडखा चेनसॉनं जमिनीलगत कापला, मग पाण्याची आणि गॅसची नळी कुठून जाते ते विचारून खडूनं रेघा मारल्या आणि भोवतीची माती उकरून दगड वेचले. पुण्यात फावडं मारावं तिथं काळा दगड, आणि एक दगड लागला तरी कार्बाइडचा दात जातो. चाक टेकलं तशी तांबूस भुग्याची कारंजी उडाली. मोठ्या धुडाला किरकोळ वाटलं असतं त्या कामाला या धाकट्यानं दुपार केली. पण धूड आमच्या फाटकाबाहेरच उभं राहिलं असतं.

भुगा बुडख्यापेक्षा कितीतरी जास्त निघतो, हे कोणी आधी सांगत नाही. पेटवायला सांगणारे अण्णाच तो गुलाबांसाठी मागायला आले. ताजा भुगा मातीत कालवला तर कुजताना मातीतला नायट्रोजन ओढतो, म्हणून नुसता वर पसरायला सांगून दोन पोती दिली. त्या जागेवर लगेच फरशी घालायचा बेतही आम्ही लांबणीवर टाकला आहे. मुळं कुजली की जमीन खचते.

तेव्हा यंत्र घ्यायला जाताना बुडख्याचं माप एकदा घ्या, वाटेचं तीनदा, आणि तेही जिथं ती सगळ्यांत अरुंद आहे तिथलं. टेप बायकोच्या हातात द्या. आणि बोळात सुबाभळीचं रोप दिसलं, तर करंगळीएवढं असतानाच उपटून टाका. त्याला शून्य हॉर्सपॉवर पुरते.