चुकीच्या पर्यायांची बाजू

शिष्यवृत्तीच्या उताऱ्यातला शेतकरी पहिल्या वाक्यात आळशी असतो आणि सातव्या वाक्यात कष्टाळू होतो. मधल्या पाच वाक्यांत त्याला एक साधू भेटलेला असतो. हा साधू दक्षिणा मागत नाही, शेतकऱ्याच्या बायकोला कुणी काही विचारत नाही, आणि शेतात पुरलेलं धन म्हणजे आपलाच घाम, हे शेतकऱ्याला एकदा सांगून पटतं. दुसऱ्या उताऱ्यात मुंगी असते. तिसऱ्यात पाण्याचं महत्त्व. चौथ्यात एक थोर शास्त्रज्ञ लहानपणी गरीब असतो आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करतो. उताऱ्यांच्या या गावात कुणी कुणाशी भांडत नाही, आणि भांडलंच तर सातव्या वाक्याच्या आत मिटवतं. शंभर-सव्वाशे शब्दांत माणूस पालटायचा आणि खाली प्रश्नांना जागाही ठेवायची, म्हटल्यावर साधूला घाई करावीच लागते.

या गावात माझी ये-जा असते, कारण आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी आसपासची पाचवीची मुलं शिष्यवृत्तीच्या सरावाला जमतात. आम्ही अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला राहतो. गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर काका घेतात. मराठी माझ्याकडे आलं. मी पेपरातलं शब्दकोडं पेन्सिलीने नव्हे, पेनने सोडवते, अशी बातमी बिल्डिंगभर पसरलेली होती. तेवढी पात्रता पुरली.

परीक्षा जुनी, १९५४-५५ पासूनची. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. माझ्या पिढीला ती चौथी-सातवीची म्हणून ठाऊक. २०१७ मध्ये ती पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये सरकारने तिला परत चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. वर चढून पुन्हा खालच्या वर्गात बसण्याचा मान मुलांनाही सहसा मिळत नाही. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ प्रश्न आणि गणिताचे ५०, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. संध्याकाळी अंधेरी स्टेशनचा जिना चढायलाही याहून जास्त लागतात. शिष्यवृत्ती मिळाली तर पाचवीच्या मुलाला महिन्याला ५०० रुपये, वर्षातले दहा महिने. मरोळहून स्टेशनला रोज रिक्षाने जा-ये केली तर आठवड्यात उडतील. पण मुलांना त्या पैशांचं फारसं काही नसतं. त्यांना फळ्यावर नाव लागलेलं हवं असतं.

गाइडमधले उतारे मुलांना तोंडपाठ झाले, इतके की प्रश्न वाचायच्या आधीच ती गोल रंगवू लागली. तेव्हा मी उतारे स्वतः रचायला घेतले. उतारा लिहिणं अवघड नाही. बरोबर उत्तर तर उताऱ्यातच पडलेलं असतं, ते उचलून खाली ठेवायचं. खरा घाम निघतो तो उरलेल्या तीन पर्यायांत. माझं तर आता असं मत झालंय की चांगली प्रश्नपत्रिका ही बरोबर उत्तरांमुळे नव्हे, चुकीच्या पर्यायांमुळे चांगली होते. चुकीचा पर्याय चुकीचा हवा, पण बावळट नको. ‘शेतकऱ्याला शेतात काय सापडले? धन, विहीर, नांगर, विमान’ असं लिहिणाऱ्याने त्या दिवशी कामात अंगचोरी केलेली असते. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, तरी इथल्या एकाही मुलाने विमानाचा गोल रंगवला नाही.

जातिवंत चुकीचे पर्याय तीन तऱ्हांचे. पहिला, उताऱ्यातलेच शब्द घेऊन ते उलटे बसवलेला. हा घाईत वाचणाऱ्यांसाठी. शब्द ओळखीचे दिसले की त्यांचं पेन आपोआप तिकडे जातं. दुसरा, जगात खरा पण उताऱ्यात नसलेला. हा हुशारांसाठी. पाण्याच्या उताऱ्यात गावातल्या बायका लांबून पाणी आणतात एवढंच सांगितलेलं असतं. ‘पाणी जपून का वापरावे?’ याखाली मी ‘पृथ्वीवर गोडे पाणी फार थोडे आहे’ असा पर्याय ठेवते. विज्ञानात पहिली येणारी मुलगी तो बेधडक रंगवते आणि चूक म्हटलं की माझ्याकडे अशी बघते, जणू पृथ्वीवरचं गोडं पाणी मीच वाढवलंय. तिसरा पर्याय मराठी शाळेतल्या मुलांसाठी खास, आणि माझा सगळ्यात लाडका: सुविचार. प्रश्न काही का असेना, एका पर्यायात ‘नेहमी खरे बोलावे’ किंवा ‘वेळेचे महत्त्व ओळखावे’ असं टाकायचं. बालवाडीपासून फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक सुविचार वाचलेलं मूल, इतकं चांगलं वाक्य चुकीचं असू शकेल असं मानायलाच तयार होत नाही.

मुलांकडेही तोडगे असतात. सगळ्यात लांबलचक पर्याय बहुधा बरोबर, कारण खरं सांगताना पेपर काढणारा जपून लिहितो. ‘फक्त’, ‘कधीच’, ‘सर्वच’ असे शब्द असलेला पर्याय बहुधा चूक, कारण इतक्या ठामपणे उतारासुद्धा बोलत नाही. काही कळलंच नाही तर तिसरा. हे त्यांना कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. तेव्हापासून मी खोटे पर्याय लांब लिहिते आणि खरा एका ओळीत उरकते.

हा सगळा खेळ मुळात ज्याने मांडला, तो माणूस अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात काम करणारा. फ्रेडरिक केली त्याचं नाव. एकाच उत्तराला एक मास्तर भरपूर गुण देतो आणि दुसरा नापास करतो, हे त्याला खटकत होतं. म्हणून ज्याचं एकच उत्तर निघेल असे प्रश्न त्याने काढले, आणि १९१५ च्या सुमाराला ‘कॅन्सस सायलेंट रीडिंग टेस्ट’ तयार झाली. पर्यायी प्रश्नांची ही पहिली परीक्षा धरतात, आणि ती होती वाचनाचीच. तिच्यातला एक प्रश्न अजून सांगितला जातो. गाय, वाघ, उंदीर आणि लांडगा ही चार नावं दिलेली. यांतल्या शेतावर उपयोगी असणाऱ्या प्राण्याभोवती रेघ काढायची. केलीच्या मते वादाला जागा नव्हती.

मी तो प्रश्न आमच्या हॉलमध्ये ठेवला. गायीला मतं पडली, पण उत्साहाने नाही. इथली गाय शेतावर नसून नाक्यावर असते आणि तिच्याशेजारी चाऱ्याच्या पेंढ्या विकत एक बाई बसलेली असते. वाघाबद्दल आरेच्या जंगलाच्या बाजूला राहणारा मुलगा म्हणाला, बिबट्या चालेल का? तो भटकी कुत्री खातो. सगळ्यात जोराचा पाठिंबा उंदराला मिळाला. महापालिकेत रात्रपाळीला उंदीर मारणारे कर्मचारी असतात, काठी आणि बॅटरी घेऊन, एका रात्रीत तीस उंदरांचा हिशेब द्यावा लागतो, हे एकीला पक्कं माहीत होतं. उंदीरच नसतील तर त्या लोकांनी काय करायचं, असा तिचा सवाल होता. लांडग्याचं कुणाला काही माहीत नसल्यामुळे तो वाचला. प्रश्नात ‘शेतावर’ असं लिहिलंय, याची मी आठवण करून दिली, तेव्हा सगळे शांत झाले, पण ते पटल्यामुळे नव्हे.

अशा वेळी मी आमच्या ‘बी’ विंगच्या मुलाला बोलावते. तो राज्यसेवेची तयारी करतो, दिवसभर अभ्यासिकेत असतो. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत २०१३ पासून दुसरा पेपर आला, ८० प्रश्नांचा, आणि त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवरचे. चूक झाली तर पाव हिस्सा गुण कापतात. त्याचं दुखणं वेगळंच. पहिल्या पेपरासाठी माणूस इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थशास्त्र असं सगळं डोक्यात कोंबतो, आणि त्याच दिवशी दुसऱ्या पेपराला ते सगळं बाहेर ठेवून बसावं लागतं. उताऱ्यात एखाद्या नदीबद्दल चुकीचं लिहिलेलं असलं तरी ते पुरती वीस मिनिटं खरं मानायचं. मुलं हे तोंड उघडं टाकून ऐकतात. इतकं शिकूनही उतारे सुटत नाहीत, हे त्यांना बहुधा नवीन असतं.

उताऱ्याबाहेरचं ठाऊक असणं म्हणजे काय, हे मला गिल्बर्ट हिलच्या वेळी बघायला मिळालं. अंधेरी पश्चिमेची ही टेकडी म्हणजे काळ्या बेसॉल्टचा, साधारण २०० फुटांचा उभा सुळका. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, वर गावदेवीचं देऊळ. असा दगड जगात फार थोड्या ठिकाणी आहे. अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरशी त्याचं नातं सांगतात. एका जुन्या पुस्तकातून मी वाक्य घेतलं होतं, की ही टेकडी लांबूनही दिसते. प्रश्न होता, ती लांबून का दिसते? चार पर्याय दिलेले होते. एका मुलाने त्यांतला एकही न रंगवता खाली पेनने पाचवा लिहिला: ‘दिसत नाही.’ त्याचा मामा टेकडीच्या पायथ्याशी राहतो. बिल्डिंगींमुळे मामाला ती घराच्या खिडकीतूनसुद्धा धड दिसत नाही म्हणे. नियमाप्रमाणे मी गुण दिले नाहीत. पण तो कागद ठेवून दिलाय.

मोठ्या माणसांना उतारे द्यावे लागत नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर ते आपसूक येतात. सेक्रेटरींनी मागे एक सूचना टाकली: टाकी धुवायची असल्याने गुरुवारी सकाळी १० ते २ या वेळेत ‘बी’ विंगला पाणी येणार नाही. एक वाक्य. पहिलं उत्तर पाचव्या मजल्यावरून आलं, ‘गुरुवारी १० ते २ पाणी आहे, सगळ्यांनी भरून घ्या.’ शब्द सगळे सूचनेतलेच. दुसरं, ‘महापालिकेची पाणीकपात सुरू झालीय, तलावांत साठा कमी आहे.’ साठा खरोखरच कमी होता. तिसरं, दोन जोडलेल्या हातांसकट, ‘पाणी हेच जीवन.’ मी फोन हातात धरून बघत बसले. तिन्ही पर्याय ज्या क्रमाने मी मुलांना शिकवले होते, त्याच क्रमाने आले होते. ‘ए’ विंगला पाणी येणार का, हे विचारणारेही होते, पण त्यांच्यासाठी वेगळा वर्ग काढावा लागेल.

या परीक्षेत एक नियम मात्र मला मनापासून आवडतो. पाचवीच्या प्रश्नांना चारांतला एकच पर्याय बरोबर. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना, जास्तीत जास्त वीस टक्के, दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. शासकीय कागदपत्रांत इतकं शहाणपण मी क्वचित पाहिलंय. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला खरं एकच असतं असं सांगायचं, आणि आवाज फुटायच्या वयात हळूच कळवायचं की दोघंही बरोबर असू शकतात, आणि एकाचीच बाजू घेतलीस तर पदरात काही पडणार नाही. पाचवीच्या मुलांना या नियमाचं भयंकर कुतूहल आहे. आठवीत गेल्यावर अजून काय काय चालतं, असं ती विचारतात.

हल्ली मी पर्याय मुलांकडूनच करून घेते. उतारा माझा, खोटं त्यांचं. परवाचा उतारा गोखले पुलाचा होता. अंधेरीची पूर्व-पश्चिम जोडणारा हा पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली, तेव्हा दिसलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि हा पूल यांच्या उंचीत पाच-सहा फुटांचा फरक आहे. रुळांवरची उंची रेल्वेच्या नव्या नियमाने वाढली होती, शेजारचा पूल जुन्याच उंचीवर उभा होता. मग जॅक लावून बर्फीवाला वर उचलला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल एकमेकांना भेटले. गोखले पूल पूर्ण उघडला तो मे २०२५ मध्ये. या उताऱ्यात साधू नव्हता, तरी मुलांनी तो दोनदा वाचला.

त्यांनी काढलेला प्रश्न असा: फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्फीवाला पुलावरून गोखले पुलावर का जाता येत नव्हते? (१) कारण गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला होता. (२) उंची जुळत नव्हती. (३) कारण अंधेरीत सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा ट्रॅफिक फार असतो. (४) कारण वाहतुकीचे नियम नेहमी पाळावेत. मला त्यात एक अक्षर बदलावंसं वाटलं नाही. उलटा, जगात खरा आणि सुविचार, तिन्ही जागच्या जागी. आणि बरोबर उत्तर सगळ्यांत आखूड.

तेवढ्यात सेक्रेटरी हॉलची किल्ली मागायला आले. मुलांनी त्यांना खुर्ची दिली, कागद दिला, आणि इंजिनिअर काकांनी घड्याळ लावलं. सेक्रेटरींनी चष्मा वर केला, खाली केला, आणि ७२ सेकंद पुरते व्हायच्या आत तिसरा गोल काळा केला.

“चूक,” सगळी एकदम ओरडली.

“चूक कशी? तू जाऊन बघ सहा वाजता.”

“उताऱ्यात नाहीये.”

“मग दुसरं बरोबर. पण तिसरं पण बरोबर.”

उंदरांची बाजू घेणारी ती मुलगी कागद परत घेत म्हणाली, “काका, दोन उत्तरं आठवीपासून.”