सेन्सरचा सातबारा

जळकोट असो की उदगीर, नवा मोबाईल घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरतो तो एकच प्रश्न घेऊन : ‘कॅमेरा कितीचा हाय?’ समोरून ‘दोनशे’ असं उत्तर आलं की पुढची चौकशी खुंटते. दोनशे म्हणजे दोनशे मेगापिक्सेल, म्हणजे वीस कोटी ठिपके, म्हणजे जळकोट तालुक्यातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला दोन-चार नव्हे, हजारांनी ठिपके. एवढी श्रीमंती खिशात घालून मंडळी रात्रीच्या हळदीला जातात आणि नवरीचा फोटो काढतात, तर तिच्या चेहऱ्यावर हळद कमी आणि रवा जास्त. यात दोष नवरीचा नाही, मंडपवाल्याचाही नाही. जमिनीचा व्यवहार करताना आपण आधी क्षेत्र विचारतो, वाटेकऱ्यांचा आकडा मागाहून. कॅमेरा घेताना मात्र वाटेकरी मोजतो आणि क्षेत्र विचारायचं विसरतो.

सेन्सर हे कॅमेऱ्यातलं शिवार आणि उजेड हा त्यावर पडणारा पाऊस. दोनशे मेगापिक्सेलच्या भारीतल्या फोनमध्येही हे शिवार साधारण १० बाय साडेसात मिलिमीटरचं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. त्यात वीस कोटी वाटेकरी! एकेकाच्या वाट्याला ०.६ मायक्रॉनची पट्टी येते. २००७ साली आलेल्या निकॉन डी३ या कॅमेऱ्यात ३६ बाय २४ मिलिमीटरच्या रानात वाटेकरी होते जेमतेम सव्वा कोटी. त्यातल्या एकाचा तुकडा आपल्या फोनमधल्या तुकड्याच्या जवळजवळ दोनशे पट. आता उजेडही थेंबाथेंबानेच पडतो आणि थेंब काही मोजून पडत नाहीत. एका तुकड्यात सरासरी १०,००० कण आले, तर वर्गमुळाच्या हिशेबाने शंभरेक इकडेतिकडे होतात. एक टक्क्याचा फरक, कोणाच्या डोळ्यात भरत नाही. पण सरासरी शंभरच कण आले, तर दहा इकडेतिकडे, म्हणजे सरळ दहा टक्के. शेजारच्या दोन ठिपक्यांत एवढी तफावत पडली की काळ्याभोर आभाळात लाल-हिरवी रांगोळी उमटते. फोटोवाले तिला नॉइज म्हणतात.

यावर एखादा हुशार भावकीतला माणूस उठून म्हणेल, ‘वाटण्या केल्यानं एकूण पाऊस थोडाच कमी होतो?’ मुद्दा बिनतोड आहे आणि मला तो मान्य आहे. एकाच आकाराचे दोन सेन्सर घेतले आणि दोन्हींचे फोटो एकाच मापात पाहिले, तर जास्त मेगापिक्सेलवाला फार मागे राहत नाही; बारीक ठिपके एकत्र आले की त्यांची चढउतार आपसात जिरते. राहतो तो बांधांचा खर्च. प्रत्येक ठिपक्याचं मोजमाप करताना थोडी स्वतंत्र चूक होते आणि पाऊसच कमी असला तर ही चूक भारी पडते. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. कॅननने २००८च्या जी१० कॅमेऱ्यात सुमारे पंधरा मेगापिक्सेल दिले आणि पुढच्याच वर्षी जी११मध्ये ते दहावर आणले. आपल्याकडे १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झाला तेव्हा जळकोट निजामाच्या राज्यात होतं. कॅमेऱ्यांच्या राज्यात तो कायदा कॅननने स्वतःहून लागू केला म्हणायचा. आणि गंमत पाहा, दोनशेवाला फोनसुद्धा नेहमीचा फोटो काढताना सोळा-सोळा वाटेकऱ्यांची मोट बांधून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. आधी वाटणी, मग सामाईक शेती. मधल्या फेरफाराचे पैसे गिऱ्हाइकाचे.

‘पण फ्लेक्स मोठा छापायचा असतो ना!’ वाढदिवसाच्या शुभेच्छांवर चौक उभा आहे, तेव्हा ही हरकत हसण्यावारी नेता येत नाही. हिशेब करा : दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स रस्त्यापलीकडून पाहायचा, त्याला इंचामागे ३० ठिपके दिले तरी एकूण एक कोटीच्या आसपास होतात, म्हणजे दहा मेगापिक्सेल. त्यातून भाऊंचा फोटो फ्लेक्सवाल्याकडे पोचतो तो बहुधा व्हॉट्सॲपवरून, अर्ध्याहून जास्त ठिपके वाटेत सांडून. भरदुपारी डोंगरकड्याचा फोटो काढून त्यातली एकच गाय कापून घ्यायची असेल, तर मात्र जास्त मेगापिक्सेल खरोखर कामाला येतात. तिथे मी माघार घेतो. नाइट मोडचंही कौतुक आहे, तो चार-सहा फोटो एकावर एक रचून नॉइज दाबतो. मात्र वरातीत डीजेपुढे नाचणारा नवरदेवाचा मामा तेवढा वेळ स्थिर राहत नाही आणि फोटोत त्याला तीन हात येतात.

तेव्हा पुढच्या खेपेला दुकानात ‘कितीचा हाय?’ विचारण्याआधी ‘सेन्सर केवढा?’ विचारा. माहितीपत्रकात तो १/१.३ किंवा १/२.८ इंच असा लिहिलेला असतो. खालचा आकडा जितका लहान तितकं शिवार मोठं. दुकानदाराला सांगता आलं नाही तर पेटी उलटी करून पाहा, आणि तिथेही नसेल तर तो फोन ठेवून द्या.